आईच्या हातातली डान्स मॅट

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती खिडकीचे पडदे धुवायला काढत होती. झटका हलका होता, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याला आलेला झटका बहुतेक हलकाच असतो. आई जन्मभर सरकारी आरोग्य केंद्रात सिस्टर होती, त्यामुळे शेवगावहून नगरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिने गाडीतच वाकड्या तोंडाने स्वतःचं निदान सांगून टाकलं होतं आणि वर ड्रायव्हरला हॉर्न कमी वाजव म्हणून दटावलंही होतं. तोंड लवकरच सरळ झालं, पाय चालू लागला. राहिला तो उजवा हात. मनगटापर्यंत तो आईचं ऐकायचा, त्यापुढची बोटं मात्र सरकारी कार्यालयासारखी. निरोप पोहोचायचा, कार्यवाही व्हायची नाही.

फिजिओथेरपी करणारा मुलगा फार नम्र होता. त्याने स्पंजचा एक चेंडू दिला आणि "मावशी, जमेल तेवढ्या वेळा दाबत राहायचा," असं सांगितलं. आयुष्यभर लोकांना गोळ्या वेळेवर घ्या म्हणून दम भरलेली बाई स्वतः पेशंट झाली की काय होतं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी मी घरी गेले तेव्हा तो चेंडू मागच्या दाराच्या फटीत खोचलेला होता.

"वाऱ्याने दार आपटतं," आई म्हणाली. "उपयोग होतोय की चेंडूचा."

मी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. बाहेरून येणारे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग खोक्यावर लिहिलंय तेच आहेत का, हे बघणं माझं काम. बहुतेक वेळा ते नसतात. शनिवारी संध्याकाळी सुप्याहून नगर आणि नगरहून शेवगाव अशा दोन एसट्या बदलून मी घरी येते. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर असतं, कंडक्टर 'नगर, नगर' ओरडतो, आणि गाडी जायची तिथेच जाते. माणसांचं असं चालून जातं. मशीनचं चालत नाही, हे मला पुढे कळायचं होतं.

चेंडूची हकिगत ऐकून फिजिओथेरपीवाल्याने दुसरा उपाय सुचवला. गेम खेळायचा कंट्रोलर असतो, दोन्ही हातांत धरायचा. त्याच्या पुढच्या बाजूला तर्जनीखाली दोन खटके असतात. खटका जितका दाबाल तितका गाडीचा वेग. हळूहळू दाबायचा, हळूहळू सोडायचा. "मावशींना गाड्यांची आवड आहे का?" त्याने विचारलं.

आवड म्हणजे काय विचारता. आई नोकरीभर आरोग्य केंद्राच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून गावोगाव फिरली. एकदाही कुणी तिच्या हातात स्टिअरिंग दिलं नाही, पण तिच्या सूचनेशिवाय एकाही ड्रायव्हरने गियर टाकला नाही. नसलेला ब्रेक दाबून दाबून तिच्या उजव्या चपलेचा पंजा आधी झिजायचा.

मी नगरच्या एका दुकानातून कंट्रोलर घेतला. खोक्यावर एका प्रसिद्ध कंपनीच्या नावासारखं नाव होतं, फक्त एक अक्षर जास्त.

"ओरिजिनल आहे ना?" मी विचारलं.

"मॅडम, ओरिजिनलची फर्स्ट कॉपी आहे," दुकानदार म्हणाला. आपण केवढं मोठं आश्वासन देतोय अशा चेहऱ्याने.

घरी एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर मी फुकटची, ओपन सोर्स सिस्टीम टाकून ठेवली होती, कारण विकतच्या सिस्टीमने त्याला म्हातारा ठरवून केव्हाच वाळीत टाकलं होतं. पप्पा निवृत्त शिक्षक. त्यांचा या सिस्टीमवर विश्वास नव्हता. जी वस्तू फुकट मिळते तिच्यात काहीतरी गडबड असणार, असं त्यांचं म्हणणं. मी परदेशातल्या रस्त्यांवर ट्रक चालवायचा एक गेम त्यावर घातला, कंट्रोलर जोडला, आईची बोटं एकेक करून खटक्यांवर बसवली आणि म्हणाले, "उजवा खटका ॲक्सिलरेटर. हळू दाब."

आईने बोट टेकवलं मात्र, मालाने भरलेला तो ट्रक पिसाळल्यासारखा सुटला आणि पेट्रोल पंपात घुसला.

"हळूच दाबला होता," आई म्हणाली.

पुन्हा केलं. पुन्हा पेट्रोल पंप. खटका जरा दाबला की पूर्ण वेग, सोडला की शून्य, मधलं काही नाही. शिवाय बाणाची बटणं दाबली की भलतंच होई, वायपर चालू व्हायचे. शेजारच्या काकू दारात येऊन बघत उभ्या राहिल्या. अख्खं शेवगाव आईला सिस्टर म्हणतं, तशा त्याही म्हणतात.

"सिस्टर, ह्यो ट्रक कुनाचा हाय वो?" त्यांनी काळजीने विचारलं.

त्याच रविवारी दुपारी चर्चमधली उपासना आटोपून पाळकसाहेब आईच्या हातासाठी प्रार्थना करायला आले. आई बरेच दिवस चर्चला गेली नव्हती. कारण ती सांगत नव्हती, पण मला माहीत होतं. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा प्याला हातातून सांडेल याची तिला भीती होती. पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करू लागले. आईने कंट्रोलर मांडीवर ठेवला, तिचं बोट चुकून खटक्याला लागलं, आणि 'आमेन'च्या ऐवजी खोलीत काचा फुटल्याचा आवाज झाला.

"पाळकसाहेब, प्रार्थनेत ट्रकचाही उल्लेख करा," पप्पा म्हणाले.

पाळकसाहेब गेल्यावर मी शोधायला बसले. यूएसबीची कुठलीही वस्तू कॉम्प्युटरला जोडली की ती आपले दोन नंबर सांगते. एक बनवणाऱ्याचा, एक मॉडेलचा. कॉम्प्युटरमध्ये ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्राम असतो, त्याच्यात असल्या नंबरांची लांबलचक यादी असते. नंबर जुळला की शेजारी लिहिलेलं असतं, ही वस्तू कोण, हिच्याशी कसं वागायचं. मी आमच्या कंट्रोलरचा नंबर त्या यादीत शोधला. शेजारी लिहिलं होतं: डान्स मॅट.

डान्स मॅट म्हणजे जमिनीवर अंथरायची चटई. पडद्यावर बाण येतात, तसे चटईवरच्या बाणांवर पाय आपटून नाचायचं. पाय एकतर पडतो किंवा पडत नाही. थोडासा पडला, असं चटईला कळायची गरज नसते. म्हणून ड्रायव्हर आमच्या खटक्यांनाही पाऊलच समजत होता. कंट्रोलर बनवणाऱ्या कारखान्याने खर्च वाचवायला कुणाचे तरी नंबर उचलले असणार, आणि उचलताना नेमके चटईचे उचलले. चोरीतसुद्धा माणसाने थोडं लक्ष द्यायला हवं.

"ड्रायव्हरची चूक आहे," मी आईला सांगितलं.

"ट्रक मी चालवतेय. ड्रायव्हर कुठून आला?"

"आतला ड्रायव्हर गं. त्याला वाटतंय तुझ्या हातात नाचायची चटई आहे."

आईने एकदा स्वतःच्या हाताकडे बघितलं. "म्हणजे त्याच्या मते मी नाचतेय?"

"हो."

"मग त्याला सांग की नाही म्हणून."

ओपन सोर्सचा हा मोठेपणा मानला पाहिजे. कुणीही चूक दुरुस्त करू शकतं. मी आमच्या कॉम्प्युटरवर ती ओळ बदलली, चटईचा कंट्रोलर केला, आणि ट्रक माणसासारखा चालू लागला. आई हळू दाबायला लागली. समोरून येणाऱ्या गाड्या चुकीच्या बाजूने येतात म्हणून ती त्या देशावर चिडली, पण दर संध्याकाळी तासभर ट्रक चालवू लागली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पप्पा होते.

पप्पांचा फुकटच्या सिस्टीमवर विश्वास नव्हता, तरी पडद्यावर 'अपडेट करा' असं आलं की ते आज्ञाधारकपणे बटण दाबत. अपडेट झालं की ड्रायव्हर नव्याने यायचा, माझी दुरुस्ती पुसली जायची आणि आई पुन्हा नाचायला लागायची. मग मला सुप्याला फोन. "अगं, तिचा ट्रक परत पंपात गेला." यावर उपाय एकच. दुरुस्ती मूळ ड्रायव्हरमध्येच गेली पाहिजे, म्हणजे जगभर सगळीकडे.

मूळ ड्रायव्हर सांभाळणारा माणूस, म्हणजे मेंटेनर, परदेशात कुठेतरी राहतो. हे काम तो पगाराशिवाय करतो आणि त्याच्या ईमेलमधून ते जाणवतं. मी दुरुस्ती पाठवली, सोबत आईचा ट्रक पंपात जातो हेही लिहिलं. पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं. त्यात मला 'सर' म्हटलं होतं. मी दुरुस्त केलेल्या ओळीच्या सुरुवातीला जी मोकळी जागा होती, ती चुकीच्या प्रकारची मोकळी जागा होती. मोकळ्या जागेतही प्रकार असतात. मी योग्य प्रकारची मोकळी जागा घालून परत पाठवलं.

तेवढ्यात एका पोलंडच्या माणसाने मध्येच उत्तर दिलं. ही चर्चा सगळ्यांना उघडी असते, कुणीही वाचतं. त्याने लिहिलं होतं की त्याच्याकडे या नंबरची खरीखुरी डान्स मॅट आहे, ती उत्तम चालते, आणि कुणाच्या तरी आईला ट्रक चालवता यावा म्हणून त्याने नाचणं का सोडावं, हे त्याला समजलेलं नाही. त्यानेही मला 'सर'च म्हटलं होतं. मेंटेनरने लगेच त्याची बाजू घेतली. एक चूक दुरुस्त करताना दुसऱ्याचं बरोबर असलेलं बिघडवायचं नाही, असा नियम आहे. नियम चांगलाच होता, त्यामुळे मला जास्त राग आला.

रविवारी आईने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी सांगितलं.

"कशाला नाचतो तो? वय काय त्याचं?"

"मला काय माहीत?"

"विचार ना. आणि वजन किती आहे तेही विचार."

मला हे ईमेलमध्ये लिहायची लाज वाटली. पण आई मागेच लागली, म्हणून मी त्याला एकट्याला वेगळा ईमेल पाठवला. माझी आई नर्स होती, ती असं असं विचारते आहे, राग मानू नये. वाटलं, आता हा आणखी भडकणार. त्याने पानभर उत्तर लिहिलं. त्याला शुगर होती, वजन बेसुमार होतं, डॉक्टरने चालायला सांगितलं होतं, पण बाहेर बर्फ. म्हणून तो बैठकीच्या खोलीत त्या चटईवर नाचायचा. खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. गुडघे दुखत होते. हे सगळं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं, हे त्याने लिहिलं नव्हतं, तरी पत्राच्या लांबीवरून कळत होतं.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जणू तपासणीच्या टेबलापलीकडे तोच बसलाय.

"चटईखाली जाड सतरंजी घाल म्हणावं, दुहेरी घडी करून. अनवाणी नाचू नको, बूट घाल. शुगरवाल्याने पाय जपायचे असतात. आणि जेवणाआधी नको, चक्कर येईल."

मी लिहिलं. सतरंजीला इंग्रजीत काय म्हणावं यावर माझी बरीच अक्कल खर्च झाली. पुढच्या आठवड्यात त्याचा ईमेल आला. गालिचा घातला होता. गुडघ्यांना बरं होतं. खालच्या बाईने ठोकणं बंद केलं होतं. आणि आम्हाला काय मदत हवी आहे, असं त्याने स्वतःहून विचारलं होतं.

मदत सोपी होती. यूएसबीची वस्तू त्या दोन नंबरांशिवाय तिसराही एक नंबर सांगते, आवृत्तीचा. सहसा तो कुणी बघत नाही. त्याने चटईचा तिसरा नंबर पाठवला, मी आमचा काढला. दोन्ही वेगळे निघाले. बनवणाऱ्या चोराने तिसरा नंबर उचलायचा कंटाळा केला होता, आणि त्या आळशीपणावर आमची सगळी भिस्त होती. मी दुरुस्ती नव्याने लिहिली. तिसरा नंबर असा असेल तर चटई, तसा असेल तर कंट्रोलर. चटईवाल्याने आपल्याकडे करून बघितली आणि नाचता येतंय असं सगळ्यांसमोर जाहीर केलं.

आता मेंटेनरला आमच्या बाजूचा पुरावा हवा होता. खटका मोकळा असल्यापासून पूर्ण दाबेपर्यंत कॉम्प्युटरला कोणते आकडे मिळतात, ते त्याला बघायचे होते. मी पडद्यावर आकडे दिसतील अशी सोय केली आणि आईला म्हणाले, "हळूहळू शेवटपर्यंत दाब."

आकडा शून्यापासून वर चढायला लागला. आई त्याच्याकडे बीपीच्या पाऱ्याकडे बघावं तशी बघत होती. आकडा निम्म्यावर आला आणि थांबला. आईने आणखी जोर लावला, हाताच्या शिरा ताणल्या. आकडा हलेना. ट्रक चालवताना हे कधी लक्षात आलं नव्हतं. निम्म्या वेगात ट्रक छान चालतो, आणि आम्हाला वाटायचं आई जपून चालवते.

तिने बोट सोडलं. "एवढंच जातंय," ती म्हणाली.

मी तेवढेच आकडे पाठवून दिले. मेंटेनरचं उत्तर या वेळी लगेच आलं. नको तेव्हा माणसं तत्पर असतात. त्याने लिहिलं होतं: आकडे निम्म्यावर थांबतात. तुमचं हार्डवेअर सदोष आहे का?

मी ते वाक्य आईला वाचून दाखवायला नको होतं. पण ती शेजारीच बसली होती आणि तिला तेवढं इंग्रजी येत होतं. पप्पांनी वर्तमानपत्र उगाच उलगडलं आणि परत त्याची घडी घातली.

"मी दाबते ना," मी म्हणाले. "माझ्या बोटाने पूर्ण आकडे येतील. पाठवून टाकू. दोन मिनिटांचं काम आहे."

"पेशंट माझा आणि रिपोर्ट तुझा?" आई म्हणाली. "तसं नाही चालत."

"आई, त्याला कंट्रोलरबद्दल विचारायचंय."

"मला कळतंय त्याला कशाबद्दल विचारायचंय. त्याला लिही, हार्डवेअर दुरुस्तीला टाकलंय. थांब म्हणावं."

मी तसंच लिहिलं, शब्दाला शब्द. तो काय समजला कुणास ठाऊक. त्याने ठीक आहे म्हटलं.

त्यानंतर आईने ट्रक थोडा बाजूला ठेवला आणि ती आकड्यांच्या मागे लागली. रोज सकाळी चहानंतर पडद्यासमोर बसायची आणि खटका दाबायची. पप्पांनी अपडेटचं बटण दाबायचं नाही, अशी तंबी होती आणि त्यांनी ती पाळली. चेंडूला जे जमलं नाही, फिजिओथेरपीवाल्याच्या नम्रपणाला जे जमलं नाही, ते परदेशातल्या एका तिरसट माणसाच्या एका ओळीने केलं. आपल्याला कुणी सदोष म्हणतं, ही गोष्ट आईला औषधासारखी लागू पडली. फोनवर ती आता जेवलीस का विचारायच्या आधी आकडा सांगायची. कधी आकडा आदल्या दिवशीपेक्षा खाली असायचा. त्या दिवशी फोन पप्पा करायचे.

काकूंना यातलं काही कळत नव्हतं, पण त्या येऊन बसायच्या. "आज वर गेला व्हय सिस्टर?" विचारायच्या. गेला म्हटलं की त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा.

ऊसतोडीला गेलेली माणसं आमच्या गल्लीतून परत यायला लागली होती, त्या दिवसांतली गोष्ट. मी शनिवारी घरी आले, हातपाय धुतले, आणि आई म्हणाली, "बस इथे. बघ." तिने खटक्यावर बोट ठेवलं. आकडा चढला, निम्मा ओलांडला, पुढे गेला, जरा अडखळला आणि शेवटाला जाऊन टेकला. तिने तो तिथेच धरून ठेवला. मग तितक्याच सावकाश खाली आणला. वर जाण्यापेक्षा ते अवघड होतं, हे मला माहीत होतं. पप्पा उभे राहून बघत होते. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. आमच्या घरात ती पद्धत नाही.

"पाठव आता," आई म्हणाली.

मी पाठवलं. मेंटेनरने पुन्हा एक चुकीची मोकळी जागा शोधून काढली, ती मी बरोबर केली, आणि मग एके दिवशी दुरुस्ती स्वीकारली गेली. दुरुस्तीखाली चाचणी करणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे. त्याने विचारलं, ही चाचणी कुणी केली? मी आईचं नाव कळवलं. आईला नावाआधी 'सिस्टर' हवं होतं. तसं चालत नाही, असं मेंटेनरने कळवलं. आई म्हणाली, ठीक आहे, त्याचाही काही नियम असेल. चटईवाल्याचं नाव तिच्या खालच्या ओळीत आहे. मला दोघंही अजून 'सर' म्हणतात. ती चूक दुरुस्त करायला कुठे पाठवायचं, याची मला कल्पना नाही.

त्या महिन्यात आई चर्चला गेली. प्याला तिने उजव्या हाताने धरला, डावा खाली लावून. थोडं सांडलं. पाळकसाहेबांनी बघितलं नाही असं दाखवलं आणि आईने त्यांनी बघितलंय हे कळलं नाही असं दाखवलं. घरी येऊन ती म्हणाली, प्याला फार गुळगुळीत आहे.

आता खटके नीट चालतात, पप्पा मनसोक्त अपडेट करतात, आणि आई पुन्हा ट्रकवर आहे. मध्ये तिने मला चटईवाल्याच्या गावाचं नाव विचारलं. गेमच्या नकाशावर ते गाव निघालं. तिने माल भरला, वाटेत दोनदा पोलिसांचा दंड खाल्ला आणि संध्याकाळी त्या गावच्या चौकात, पेट्रोल पंपाशेजारी ट्रक नेऊन उभा केला. मला त्याचा फोटो काढून त्याला पाठवायला लावला. सोबत लिहायला सांगितलं, मी येऊन गेले, शुगर किती आहे ते कळव.

त्याने शुगर कळवली. ती पूर्वीपेक्षा बरी होती. फोटो बघून त्याला फार आनंद झाला, पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या चौकात पेट्रोल पंप नाहीच. तिथे शाळा आहे. गेमवाल्यांनी चुकीचं दाखवलंय.

"मग त्यांना कळव," आई म्हणाली.

मी अजून कळवलेलं नाही.